काका, दोन्हीकडे टॉप लावलेली वायर चालेल का?

या वेळचं पत्र पुण्यातून आलंय, थोडं कापून देतो:

"काका नमस्कार. मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा श्रीवर्धन तालुक्यात गावी दोघंच असतात. निसर्ग वादळात आमच्याकडे २३ दिवस लाईट नव्हती, पुढच्या वर्षी तौक्तेत पाच दिवस, आणि आता दर पावसाळ्यात दोन-तीन दिवस तर ठरलेलेच. बाबांना शुगर आहे, इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. बोअरला १ एचपीचा सबमर्सिबल आहे, लाईट गेली की पाणी बंद. यंदा जनरेटर घ्यायचाच ठरवलंय. दुकानदार म्हणतो साडेसात केव्हीएचा सायलेंट डिझेल घ्या, एसी-गिझर सगळं चालेल. गावातला ओळखीचा एक मुलगा म्हणतो पेट्रोलचा छोटा घ्या, मी दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप (प्लग) लावलेली वायर करून देतो, एक टोक जनरेटरला, दुसरं किचनच्या सॉकेटला, मेन स्विच पाडायचा की झालं, तीनशे रुपयांत काम. चेंजओव्हर स्विच (घर मेनवर की जनरेटरवर ते ठरवणारा) हा उगाच खर्च असं त्याचं म्हणणं. काय करू?"

अगं, आधी त्या वायरीचं बोलू, जनरेटरचं नंतर. ती वायर नको. तात्पुरती पण नको आणि "या पावसाळ्यापुरती" पण नको.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकून मला तीसेक वर्षं झाली आणि सुरुवातीला अशी वायर मीच करून दिलेली आहे. लग्नघर होतं, ऐन वेळी लाईट गेली, जनरेटर भाड्याने आणलेला, सगळे ओरडतायत, आणि मी विशीतला, हुशारी दाखवायची हौस. रात्री आचाऱ्याच्या माणसाच्या पायात वायर अडकली, घरातल्या सॉकेटमधला टॉप निघून अंगणात पडला, सगळीकडे अंधार, आणि मी जाऊन तो उचलला. जनरेटर चालूच होता. म्हणजे माझ्या मुठीत जो टॉप आला त्याच्या पिना उघड्या आणि जिवंत, २३० व्होल्ट. कोणीतरी पळत जाऊन जनरेटर बंद केला म्हणून हे सदर लिहितोय. अंगठ्याच्या मुळाशी पांढरा डाग अजून आहे. साध्या वायरीत टॉप सॉकेटमधून निघाला की तो मेलेला असतो, या वायरीत निघाला की तो जिवंत असतो, एवढाच फरक आहे आणि तो पुरेसा आहे.

आता तो मुलगा म्हणेल की मेन पाडला की करंट बाहेर जातच नाही. बरोबर आहे, पाडला तर. पण बाबा सत्तरीच्या आसपासचे असणार, रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर धो धो पाऊस, तोंडात टॉर्च धरून ते जनरेटर चालू करतायत, त्या दिवशी मेन पाडायचा राहिला तर? एरवी काय होतं, मेन राहिला तर अख्ख्या वाडीचा लोड त्या छोट्या जनरेटरवर येतो आणि तो घुर्र करून बंद पडतो, म्हणून लोकांना वाटतं यात काही होत नाही. वादळात तसं होत नाही ना पण. तार तुमच्याच घरापुढे तुटून पडलेली असते, किंवा शेजारची चार घरं मुंबईकरांची, कुलुपं लावलेली, लोडच नाही. मग जनरेटर मजेत चालत राहतो आणि रस्त्यावर पडलेल्या तारेत करंट. त्याहून वाईट म्हणजे डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर. डीपीत ११ हजार व्होल्ट येतात आणि खाली येऊन घराघरात २३० होतात, पण ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, इकडून २३० घातले की तिकडे हजारो व्होल्ट तयार. तिकडे पोलावर कोण असतं? तुमच्याच घरची लाईट यावी म्हणून चिखलात उभा राहून काम करणारा वायरमन, ज्याला सबस्टेशनवरून सांगितलंय की लाईन बंद आहे. आणि बरं, जनरेटर चालू असताना मधेच महावितरणची लाईट आली तर दोन्हीची टक्कर होते. ते जनरेटर मग माझ्याकडे येतात, आतलं वाइंडिंग काळं ठिक्कर, वास दुकानभर.

जाता जाता एक. हल्ली सूर्य घर योजनेत बऱ्याच लोकांनी छपरावर सोलर बसवलं आणि मग लाईट गेल्यावर सोलर पण बंद पडलं म्हणून मला फोन करतात, काका फसवलं आम्हाला. फसवलं नाही. ऑनग्रिड सोलरचा इन्व्हर्टर लाईन मेली की स्वतःहून बंद होतो, कारण तेच, पोलावरचा माणूस. मशीनला अक्कल घातलेली आहे. तुमच्याकडे सोलर असेल तर जनरेटर जोडणाऱ्याला ते आधी सांग, नाहीतर सोलर जनरेटरला लाईन समजून त्याच्यात करंट ढकलतं आणि ते पण महागात पडतं.

तर चेंजओव्हर. यात डोकं लावण्यासारखं फार काही नाही, एक दांडा असतो, वर केला की घर मेनवर, खाली केला की घर जनरेटरवर, मधे ठेवला की कुठेच नाही. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, लोखंडाचीच तशी रचना आहे, त्यामुळे विसरायचा प्रश्न संपला. तुमचं कनेक्शन सिंगल फेज असेल तर टू पोल घ्यायचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. काही जण पैसे वाचवायला फक्त फेज तोडतात आणि न्यूट्रल कॉमन ठेवतात, ते चालणार नाही. थ्री फेज असेल तर फोर पोल. छोट्या घराला ३२ अँपियरचा पुरतो आणि तो एक-दोन हजाराच्या आसपास येतो. मुलाची वायर तीनशेची, हा दोन हजाराचा धर, मधल्या सतराशे रुपयांसाठी आपण इतकं बोलतोय.

जागा म्हणजे मीटरनंतर. मीटरच्या आणि त्याच्या सीलच्या वाटेला कोणी जायचं नाही. बाहेरच्या भिंतीला, पत्र्याच्या आडोशाखाली, एक इंडस्ट्रियल टाईपचा इनलेट, म्हणजे जनरेटरची वायर जोडायचा पॉइंट, बसवून घ्यायचा. यात एक गोष्ट लक्षात ठेव, भिंतीवर पिना आणि जनरेटरकडून येणाऱ्या वायरीच्या टोकाला भोकं. उलटं नाही. मग वायर निसटली तरी टोकाला बोट लागण्यासारखं काही उघडं राहत नाही. वायर तांब्याचीच आणि किमान २.५ स्क्वेअर एमएम, लांब असेल तर ४. घरातलं पांढरं एक्स्टेंशन बोर्ड वापरायचं नाही, तासाभरात गरम होऊन मऊ पडतं.

आणि माझं ऐकशील तर अख्खं घर चेंजओव्हरच्या मागे टाकूच नको. पंप, फ्रिज, लाईट-पंखे आणि इन्व्हर्टरचा पॉइंट एवढंच वेगळं काढून जनरेटरच्या बाजूला घे, गिझर आणि एसी फक्त मेनवर राहू दे. म्हणजे कोणा पाहुण्याने चुकून गिझरचं बटण दाबलं तरी काही होणार नाही. हे काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घे आणि टेस्ट रिपोर्ट माग, आणि जनरेटर बसवलाय हे महावितरणच्या तुमच्या शाखा कार्यालयात एका कागदावर लिहून दे. वायरमनला माहीत असलं की तो तुमच्या पोलावर जास्त सांभाळून चढतो.

अर्थिंगचं थोडं किचकट आहे पण वाच. आपल्याकडे जांभा. जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, वरवर भोक पाडून पाईप ठोकला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही, खड्डा खोल जाऊन कोळसा-मीठ भरून करावं लागतं आणि ते एप्रिल-मेमध्ये जमीन सुकी खडखडीत असताना तपासायचं, पावसात काय, सगळ्यांचंच चांगलं येतं. इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थला बल्ब लावून "बघा पेटला, ओके" म्हणेल, त्यावर जाऊ नको, बल्ब खराब अर्थिंगवर पण पेटतो. अर्थ टेस्टरने मोजायला सांग. घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की स्वतःहून लाईन तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसव. आता गंमत अशी की पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा कशालाच जोडलेला नसतो, लोंबकळता असतो, आणि तसा असला तर जनरेटरवर घर चालू असताना आरसीसीबी ट्रिपच होत नाही, नुसती शोभेची. म्हणून जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ जोडावा लागतो आणि बॉडीला पण अर्थिंग द्यावं लागतं. हे स्वतः करू नका. कॉन्ट्रॅक्टरला एवढंच विचार, "जनरेटरवर असताना आरसीसीबी उडते का ते टेस्टरने दाखवा." त्याने दाखवलं तर माणूस बरा, गोंधळला तर दुसरा बघ.

आता साईझ. साडेसात केव्हीए कशाला गं? तुमच्या घरात दोन माणसं. साडेसातचा सायलेंट डिझेल म्हणजे काही क्विंटलचं धूड, त्याला काँक्रीटचा बेस लागतो, उतरवायला क्रेन नाहीतर दहा माणसं. आणि डिझेल इंजिनाचं असं आहे की त्याला पोटभर लोड लागतो, चार पंखे आणि फ्रिजवर त्याला तासन्‌तास चालवलं की आत काजळी धरते आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं, मग लोक म्हणतात कंपनी खराब. दुकानदार मोठाच सुचवणार, त्याचं पोट त्यावर आहे.

तुमच्या घरात खरा लोड एकच, तो पंप. बाकी सगळी चिल्लर: एलईडी बल्ब ९ वॅट, जुना पंखा ७५, राउटर १०-१२, टीव्ही शंभराच्या आत, फ्रिज चालताना दीडशेच्या आसपास. पण पंप आणि फ्रिज या दोघांची खोड म्हणजे चालू होताना ते नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, क्षणभरच, पण तेवढ्यात छोटा जनरेटर बसतो. पुढच्या वेळी गावी गेलीस की बोअरच्या पॅनलसमोर उभी राहा आणि बाबांना बटण दाबायला सांग. पॅनलवर अँपियरचा मीटर असतो, त्याची सुई आधी एकदम टोकाला जाऊन आपटते आणि मग मागे येऊन सहा-सातच्या आसपास स्थिर होते. ते स्थिर झाल्यावरचं म्हणजे रोजचं चालणं, आणि ते टोकाला आपटणं म्हणजे ज्याच्यासाठी आपण जनरेटर मोठा घेतो ते. त्याचा व्हिडिओ काढून दुकानदाराला दाखव. १ एचपीच्या सबमर्सिबलला साधारण ३ केव्हीए रेटेड लागतो, साडेतीन मिळाला तर निवांत, अट एकच की पंप चालू करताना फ्रिज बंद पाहिजे. पंप आधी, तो लायनीवर आला की मग बाकीचे.

रेटेड शब्द मी मुद्दाम लिहिला. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो मॅक्सिमम असतो, म्हणजे थोडाच वेळ टिकणारा. मशीनच्या प्लेटवर बारीक अक्षरात रेटेड लिहिलेलं असतं, तो खरा. दुसरं, वजन बघ. सारख्याच केव्हीएचे दोन जनरेटर आणि एक उचलायला फारच हलका असेल (इन्व्हर्टर टाईपचे हलकेच असतात, ते वेगळे) तर मला आधी शंका येते, कारण असे उघडले की आत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार निघते, मी किती उघडलेत. प्लेटवर सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) सर्टिफिकेशन आहे का बघ, १ जुलै २०२३ पासून धुराचे नवीन नियम आहेत, जुना पडलेला माल कोणी गळ्यात मारू नये. आणि दुकानदाराला सांग, घरी आणून माझा पंप यावर चालवून दाखव, मग पैसे. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

पण याच्याही आधी, घरात इन्व्हर्टर आहे का ते तू लिहिलंच नाहीस. नसेल तर तो पहिला घे, खरंच. कारण जनरेटर काही दिवसभर चालवायची वस्तू नाही. ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर तासाला एक-दीड लिटर पितो, २४ तास चालवायचा म्हटलं तर निसर्गसारखे २३ दिवस काय, तीन दिवसांत दिवाळं निघेल. आणि ३ जून २०२० नंतर काय झालं आठवतंय ना, पंपांवर पेट्रोल होतं पण उपसायला लाईट नव्हती, कार्ड चालत नव्हतं, एटीएम बंद. म्हणून सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. सकाळी पंप लावून टाकी भरायची, मग फ्रिज थंड करायचा, बॅटरी चार्ज, फोन चार्ज, मिक्सरची कामं उरकायची. बाकीचा वेळ घर इन्व्हर्टरवर. १५० एएचची चांगली ट्युब्युलर बॅटरी चार एलईडी, राउटर आणि दोन जुने पंखे पाचेक तास ओढते, तेच पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचे, असले तर रात्र निघते. चार तासांच्या जनरेटरवर बॅटरी पूर्ण भरत नाही, पण दोन बीएलडीसी पंख्यांपुरते पाच-सहा तास मिळून जातात.

इथे एक अडचण हमखास येते. जनरेटर चालू आहे, घरात लाईट आहे, पण इन्व्हर्टर चार्जिंगच घेत नाही. लोक म्हणतात इन्व्हर्टर गेला. गेलेला नसतो, मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल असं छोटं बटण असतं, यूपीएसवर असला की त्याला व्होल्टेज अगदी नीटनेटकं लागतं आणि जनरेटरचं थोडं वरखाली होणारं त्याला पसंत पडत नाही. नॉर्मलवर कर, घेतो. काहींवर नॉर्मलला इको म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक सगळ्यात हलक्यात घेतात ते, जनरेटर ठेवायचा कुठे. पाऊस असतो म्हणून उचलून पडवीत ठेवतात. पडवीत नाही. ओटीवर नाही, गोठ्यात नाही, जिन्याखाली नाही, खिडक्या उघड्या ठेवून पण नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. निसर्गनंतर माझ्या ओळखीच्या एका घरात रात्री सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं, दोघांना उलट्या, त्यांना वाटलं दुपारचे मासे बाधले. फ्रिज बंद होता ना, तेव्हा संशय माशांवरच. घरातल्या सुनेच्या लक्षात आलं की मांजर पण पेंगतंय, आणि मांजराला मासे घातलेलेच नव्हते. जनरेटर पडवीत होता आणि माजघराचं दार उघडं. सगळे बाहेर आले, वाचले. पोरीने नुसतं मांजराकडे बघून घर वाचवलं.

तेव्हा घरापासून वीस फूट तरी लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या आणि शेजाऱ्याच्या खिडकीच्या उलट्या दिशेला. पावसासाठी चार खांबांवर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. खाली दीड-दोन फुटांचा चौथरा बांधा, तुमच्याकडे पाणी चढत असेल तर आणखी उंच, २०२१च्या जुलैत चिपळूणमध्ये पुरात तळमजल्यावरचं काय काय गेलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्याकडे चिखल भरलेल्या मोटारींचा ढीग लागला होता. डोकं जड, मळमळ, चक्कर असं काहीही वाटलं तर आधी घराबाहेर मोकळ्या हवेत, मग जनरेटर बंद, मग डॉक्टर. हे आईला पाठ करून दे.

पेट्रोल भरताना मशीन बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायची, गरम सायलेन्सरवर दोन थेंब सांडले तरी भडका. घरात ३० लिटरच्या वर पेट्रोल विनापरवाना ठेवता येत नाही, आणि तेवढं तुम्हाला लागणारही नाही, वीस लिटर घराबाहेर, चुलीपासून, देवघरापासून लांब, पेट्रोलसाठीच्या धातूच्या कॅनमध्ये. पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवू नका. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पडून राहिलं की पाणी सुटतं आणि कार्बोरेटर चिकटतो, पावसाळ्यात माझ्याकडे निम्म्या तक्रारी याच. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं लोड टाकून चालवायचा, आणि बंद करताना बटण न दाबता पेट्रोलचा कॉक बंद करायचा, आतलं पेट्रोल जळून आपोआप बंद पडेल. ऑइल पहिल्यांदा वीसेक तासांनी बदला, पुढचं पुस्तिकेत असतं.

चेंजओव्हरच्या शेजारी मोठ्या अक्षरात मराठीत कागद चिकटव: सगळी बटणं बंद, जनरेटर चालू, दोन मिनिटं थांबा, दांडा मधे, मग खाली, आधी पंप, मग फ्रिज, मग बाकी. बंद करताना उलटं. मेनच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर लावून घे, बाहेरची लाईट आली की तो पेटतो, नाहीतर लोक लाईट येऊन दोन तास झाले तरी जनरेटर चालवत बसतात.

इन्सुलिनचं टेन्शन जरा कमी कर. उघडलेली व्हायल किंवा पेन उन्हापासून लांब, गार जागी असेल तर साधारण चार आठवडे चालतं, पक्कं त्यांच्या डॉक्टरला विचार कारण प्रत्येक प्रकाराचं थोडं वेगळं असतं. फ्रिजची गरज न उघडलेल्या साठ्याला. त्याला दिवसातून चार तास आणि दार न उघडण्याची शिस्त बऱ्यापैकी पुरते. फक्त बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं.

अर्थिंगचा खड्डा मात्र जून लागायच्या आत खणून घे, एकदा पाऊस लागला की तुमच्याकडे जांभा खणायला माणूस मिळणार नाही, सगळे लावणीला. आणि त्या मुलाने ती वायर आधीच करून आणून ठेवली असेल तर बाबांना सांग मधोमध कापायची. टॉप वाया नाही जाणार, एक टेबलफॅनला लागेल.